खंडेनवमीचा कोबा

नकाशावर त्या खोलीचं नाव गॅरेज होतं. प्रबोध खासनीस तिला गॅरेजच म्हणायचा. आज ना उद्या आपण गाडी घेऊ, अशी त्याची समजूत होती. ज्या गावात गाडीपेक्षा गाडी बाळगायचा परवाना महाग, तिथं ही समजूत बाळगायलाही धाडस लागतं. पण बँकेत नोकरी करणाऱ्याला एखादं तरी वेड परवडतंच. तो अजून रोज बस धरून एमआरटीचं स्टेशन गाठत होता. त्याची बायको विनीता त्या खोलीला वर्कशॉप म्हणायची. आणि तिचे सासरे दीनानाथ तिला टूलरूम म्हणत, आणि म्हणताना शर्टाची वरची गुंडी लावत.

टूलरूममध्ये ठेवायला सामान एकच होतं, पण ते हत्तीच्या पिल्लाएवढं. भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त होताना दीनानाथांनी भंगारात निघालेला आपला लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, सोडवून घेतला होता. इतकी वर्षं तो पुतण्याच्या, म्हणजे रवींद्रच्या शेडमध्ये झाकून पडला होता. श्रावणात तो बोटीनं सिंगापूरला आला आणि सेरंगून गार्डनमधल्या या नव्या घराच्या पोर्चमध्ये लाकडी पेटाऱ्यासकट बसला. रोज सकाळी दीनानाथ ताडपत्री वर करत, फळ्यांच्या फटीतून तेलाचा बोळा फिरवत, आणि चहाला येऊन सांगत, "झोप चांगली लागली त्याला."

हे सगळं विनीतानं घडवून आणलं होतं, आणि तिला त्याचा अभिमान होता. तो ती लपवतही नसे. टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये असताना, सासूबाई गेल्यानंतरच्या वर्षी, ती एकदा ऑफिसातून लवकर घरी आली. तेव्हा बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत दीनानाथ एका बाकावर बसलेले दिसले. समोर दोन माणसं लिफ्टचं दार दुरुस्त करत होती. दीनानाथांची बोटं मांडीवर हलत होती. समोरच्यानं पाना फिरवला की यांची बोटं फिरत, त्यानं थांबवला की थांबत. विनीता तशीच मागं वळली, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन नको असलेला पाव घेऊन आली, आणि त्याच रात्री प्रबोधला म्हणाली, "आपल्याला जमिनीवरचं घर पाहिजे. बाबांच्या हातांना जागा नाही इथे."

घर झालं, नकाशा झाला, परवानगी झाली, कंत्राटदार झाला. भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रा चढला. राहिला होता फक्त जमिनीचा कोबा. आणि नेमकी तेव्हाच, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दीनानाथांची धाकटी बहीण सुलेखाआत्या पुण्याहून आली. येतानाचं एक तिकीट आणि जातानाची दोन.

"दादा, सुनेच्या घरी किती दिवस पाहुणा राहणार?" आत्यांनी पहिल्याच दिवशी जेवताना विचारलं. विनीता वाढत होती, तिच्या देखत. "वहिनी होती तोवर ठीक होतं. आता चल. तुझं ते धूड आलं तसं परत येईल बोटीनं. रवींद्रची शेड रिकामीच आहे."

दीनानाथांनी भातावर वरण घेतलं. नाही म्हणाले नाहीत. विनीताला तेच लागलं.

"तू सोमवारी रात्री निघणार," ते भात कालवत म्हणाले. "कोबा सोमवारी सकाळी पडायचाय. पडला तर थांबतो. नाही पडला तर येतो. यंत्राला जिथं जमीन नाही, तिथं माणसानं तरी कशाला अडवून धरावी."

विनीतानं भाताचं पातेलं आत नेलं आणि सोमवारची वाट बघू लागली.

काँक्रीटचा सोमवार मिळवणं काही सोपं नव्हतं. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातात, इंडोनेशियानं वाळू द्यायची बंद केली होती, आणि सिंगापुरात काँक्रीटच्या ट्रकसाठी पाळी लावावी लागत होती. मोठमोठे टॉवर बांधणारे रांगेत पुढं. खासनिसांच्या खोलीएवढ्या कोब्याला कोण विचारतो. पण कंत्राटदार आह सेंग हा माणूस गोड बोलून पाळी मिळवणारा होता. पन्नाशीचा, पोट पुढं, आवाज घोगरा. आपल्या नवरात्रासारखेच त्याच्याही नऊ देवांचे नऊ दिवस चालू होते. पांढरे कपडे घालून, मांसमच्छी वर्ज्य करून तो कामावर यायचा. विनीतानं त्याला रोज दुपारी साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली. चौथ्या दिवशी त्यानं तिला मॅडम म्हणणं सोडून 'सिस्टर' म्हणायला सुरुवात केली. नऊ दिवस संपले तरी ते काही त्यानं सोडलं नाही.

शनिवारी खंडेनवमी होती.

आता चूक झाली ती इथं, आणि ती विनीताचीच झाली. चाळीस वर्षं अख्ख्या टूलरूमची पूजा केलेला माणूस, आणि आज त्याच्यापुढं पूजेला एक पेटारा, हे तिला बघवेना. तिनं आदल्या संध्याकाळी मुकादम सेल्वमला विचारलं, तुमची हत्यारं पूजेला मांडू का. सेल्वम तमिळ. त्याच्याकडं याच दिवशी आयुधपूजा. तो एवढा खूश झाला, की सकाळी त्यानं आणि त्याच्या पोरांनी एकूण एक हत्यार धुऊन, पुसून, चकचकीत करून आणलं. फावडी, घमेली, थाप्या, रंधे, ओळंबा, लेव्हल, काँक्रीटमधली हवा काढायचं यंत्र, हातगाडीसुद्धा. पोर्चमध्ये लेथच्या पेटाऱ्याभोवती सगळं मांडलं. दीनानाथांनी सोवळं नेसून एकेकाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. हातगाडीच्या चाकाला गंध लावायला ते उकिडवे बसले. सेल्वमनं लिंबं कापली, नारळ फोडला. आह सेंगनंही उदबत्ती धरून तीनदा वाकून घेतलं. सुलेखाआत्यांनीसुद्धा मान्य केलं, की पुण्यात हल्ली अशी पूजा होत नाही.

"आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही," दीनानाथ समाधानानं म्हणाले. "आज त्यांची सुट्टी."

शिरा वाटून होतोय तोच आह सेंगचा फोन वाजला. तो फाटकापाशी जाऊन बोलला, परत आला, आणि शिऱ्याची ताटली खाली ठेवली.

"सिस्टर," तो म्हणाला, "गुड न्यूज, बॅड न्यूज. सेम न्यूज."

त्याच्या इंग्रजीतून जे कळलं ते असं. दुसऱ्या एका साइटनं ऐनवेळी ट्रक नाकारला होता. तो ट्रक आत्ता, अर्ध्या तासात, यांच्या दारात येत होता. आपली सोमवारची पाळी कुण्या मोठ्या कंत्राटदारानं पळवली होती. आज घेतलं तर घेतलं, नाहीतर पुढचा नंबर दिवाळी उलटल्यावर.

"मग घेऊ या की," विनीता म्हणाली. "जाळी बांधून झालीय, फळ्या लावून झाल्यात. तुमचीच माणसं म्हणत होती, तयारी पूर्ण आहे."

"तयारी ओके," आह सेंग म्हणाला, आणि हनुवटीनं पोर्चकडं खूण केली. "टूल्स ओके नाही."

सगळ्यांनी तिकडं पाहिलं. झेंडूच्या फुलांखाली फावडी ऊन खात पडली होती.

"उत्तरपूजा करून टाकू," प्रबोध म्हणाला. तो नुकताच खाली आला होता, हातात शिरा. "अक्षता टाकायच्या, म्हणायचं, झालं. पाच मिनिटांचं काम."

"सकाळी बसवलं आणि तासाभरात उठवलं," सुलेखाआत्या म्हणाल्या. "भातुकली आहे का? उद्या सकाळी उत्तरपूजा, मग काय ते काम."

"आत्या, उद्यापर्यंत काँक्रीट ट्रकात दगड होईल."

"मग होऊ दे. काँक्रीटला कुणी आवतण दिलं होतं आजचं?"

विनीतानं सेल्वमकडं पाहिलं. सेल्वमनं दोन्ही हात मागं घेतले, जणू कुणी त्यात फावडं कोंबणार होतं. त्याच्या मागच्या पोरांनीही घेतले. मग तिनं आह सेंगकडं पाहिलं. वाटलं होतं, हा तरी धंद्याचा माणूस आहे.

"ऑलरेडी प्रे," आह सेंग म्हणाला. "कॅनॉट लाह. अंकलनंच सांगितलं मला. चावी वर गेली, खाली आली नाही."

आता ही चावी म्हणजे दीनानाथांची सगळ्यात लाडकी गोष्ट. टूलरूममध्ये एका खंडेनवमीला जनरल मॅनेजर हट्टाला पेटला, की तातडीचं काम आहे, लेथ चालू करा. दीनानाथ आडवे आले. दुसऱ्या कुणीतरी बटण दाबलं. लेथचा चक, म्हणजे काम पकडणारा जबडा, गरकन फिरला, त्यातली चावी सुटली, छपराचा पत्रा फोडून वर गेली, आणि आजतागायत खाली आलेली नाही. ही गोष्ट खासनिसांच्या प्रत्येक लग्नात सांगून झाली होती. गेल्या आठवड्यात चहा पिताना ती आह सेंगला सांगून झाली होती, इंग्रजीत, पत्र्याच्या आवाजासकट. तेव्हा आह सेंगनं हातातला कप खाली ठेवून वर आभाळाकडं बघितलं होतं.

विनीता सासऱ्यांना बाजूला घेऊन गेली, पेटाऱ्याच्या मागं.

"बाबा, ती चावी खरंच खाली आली नाही?"

"आली असणार गं," दीनानाथ हळूच म्हणाले. "पण आम्ही बघायला थांबलो नाही."

"मग आह सेंगला तसं सांगा ना. तुमचं ऐकेल तो."

दीनानाथांनी पेटाऱ्याच्या फळीवरून हात फिरवला.

"मी सांगितलं तर तो करेल," ते म्हणाले. "पण म्हणेल, म्हातारा सोयीप्रमाणे देव फिरवतो. सुलेखा म्हणेल. आणि विनीता, मीही म्हणेन. चाळीस वर्षं या दिवशी मी कुणाला हात लावू दिला नाही. मॅनेजरला नाही, मालकाला नाही. आता माझ्या खोलीसाठी लावू देऊ?"

"पण मग सोमवारी तुम्ही..."

"सोमवारी मी जातो. त्यात एवढं काय. तू पुष्कळ केलंस." ते वळले. "सुलेखा, माझी बॅग कुठल्या कपाटात आहे बघ जरा."

आत्या लगेच उठल्या नाहीत. त्यांना जे हवं होतं ते असं ताटात वाढून मिळालं होतं. पण भाऊ जिना चढताना कठड्याला धरून चढतोय, हे त्यांनी पाहिलं. काल तो तसा चढला नव्हता.

"काय ही घाई देवाला माझं ऐकायची," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

विनीता पोर्चमध्ये उभी होती. हिशेबाची नोकरी करणाऱ्या बाईला एक खोड असते. समोर जे आहे ते ती मोजतेच, पण काय नाही तेही मोजते. ती पूजेकडं बघत राहिली. फावडी आहेत. थाप्या आहेत. ओळंबा आहे. काय नाही?

"आत्या," तिनं विचारलं, "खंडेनवमीला कालथ्याची पूजा करतात का हो?"

"कालथ्याची?"

"कालथा, झारा, परात, पोळपाट."

"वेडी की काय. बायकांच्या हत्यारांना कुठली आलीय सुट्टी? ती मांडून बसलो तर देव उपाशी राहतील. स्वयंपाक कसला थांबतो कधी."

"म्हणजे आज ती वापरलेली चालतात."

"चालतात म्हणजे काय, वापरावीच..." आत्या बोलता बोलता थांबल्या. "कशाला विचारतेस?"

पण विनीता तोवर स्वयंपाकघरात पोचली होती. लग्नात आलेल्या तीन पराती, पुरणाचा झारा, दोन कालथे, कुकरचं मोठं भांडं, स्टीलची ताटं, घरातल्या सगळ्या बादल्या, सगळं ती ओट्यावरून खाली घेत होती. तिची चौदा वर्षांची मुलगी गार्गी दारात आली.

"मम्मा, व्हॉट आर यू डूइंग?"

"कोबा घालतेय. ताटं उचल."

"विथ दॅट? कॅन मेह?"

"कॅन," विनीता तिच्याच भाषेत म्हणाली, "जमेल. आणि तुझ्या बाबाला सांग, गेस्टरूमच्या पलंगाची लांब फळी काढून आण. सरळ आहे ती."

"ती फळी माझ्या पलंगाची आहे," आत्या मागून म्हणाल्या. "मी कुठं झोपू?"

"गादीवर, आत्या. फक्त गादी जरा खाली असेल."

विनीता परातींची चवड घेऊन पोर्चमध्ये आली, तेव्हा आह सेंगनं आधी परातींकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"ह्यांना कुणी प्रे केलेलं नाही," ती म्हणाली. "रोज भात शिजवतात. आज काँक्रीट."

आह सेंगनं एक परात हातात घेतली, उलटसुलट केली, तळाला टकटक केली. पस्तीस वर्षं तो बांधकामात होता, पण कुण्या घरमालकिणीनं त्याला परात दिली नव्हती. त्यानं सेल्वमकडं पाहिलं. सेल्वमनं थोडा विचार केला, आणि मग दोन्ही हात पुढं केले. त्याच्या देवांचंही परातीबद्दल काही म्हणणं नव्हतं. एक जण लॉरी घेऊन नवी फावडी विकत आणायला पळाला. बाकीच्यांनी गमबूट चढवले.

आणि ट्रक आला. गल्लीच्या तोंडाशी त्याचं पोट फिरताना दिसलं, तसं समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या मिस्टर परेरांनी खुर्ची बाहेर आणून ठेवली.

ट्रकची पन्हळ लागली, पहिला लोंढा धबकन खाली आला, आणि पुढं काय करायचं हे कुणालाच कळेना. परातीनं काँक्रीट ओढणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं. सेल्वमची पोरं ताकदीची होती, पण हात फावड्याला सरावलेले. प्रबोधनं पलंगाची फळी काँक्रीटमध्ये खुपसली आणि ती तिथंच उभी राहिली. विनीता चुडीदार गुडघ्यापर्यंत खोचून घोटाभर चिखलात उतरली होती आणि झाऱ्यानं ओढत होती. झाऱ्याच्या भोकांतून पाणी गळून जात होतं, खडी मागं राहत होती. मधोमध एक डोंगर वाढत चालला होता.

"अरे, कडेनं घाला," वरून आवाज आला.

दीनानाथ खिडकीत उभे होते. हातात घडी केलेला एक सदरा.

"कडेनं, कडेनं. मध्ये डोंगर कशाला करताय, वर देऊळ बांधायचंय का? आणि प्रबोध, ती फळी भाला नाही. आडवी धर."

"बाबा, आडवी कशी धरू, एकट्याला..."

"थांब."

खिडकी रिकामी झाली. जिन्यावर पावलं वाजली, भराभर, कठड्याला न धरता वाजावीत तशी. दीनानाथ आले ते सोवळं सोडून अर्ध्या चड्डीत आले, आणि चपला काढून सरळ आत उतरले. प्रबोधच्या हातातून फळीचं एक टोक घेतलं.

"तू तिकडचं टोक. ढकलायचं नाही, करवतीसारखं ओढायचं. मी पुढं, तू मागं. सेल्वम, माझ्यापुढं भर टाक, कमी पडतंय. विनीता, झारा फेक. परातीच्या काठानं ओढ. हां. असंच. ट्रकवाला, स्लो. स्लो, माय फ्रेंड."

हा आवाज विनीतानं कधी ऐकला नव्हता. त्यांच्या गोष्टींमध्ये तो असायचा, मशीनच्या वरताण चढणारा, आणि तिला वाटायचं तोही चावीसारखाच वर गेलेला असणार. तो खरा निघाला. सेल्वमची पोरं, ज्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, त्या आवाजावर डावीउजवीकडं वळत होती. आह सेंग, जो स्वतः मालक होता, कुकरच्या भांड्यानं भर टाकताना वळून विचारत होता, "लाइक धिस, अंकल?"

"मोअर," दीनानाथ म्हणत. "मोअर. नाऊ स्टॉप. हूं."

"हवा राहिलीय आत," ते मध्येच थांबून म्हणाले. हवा काढायचं यंत्र झेंडूखाली होतं. "कडांना भोकसायला पाहिजे. काठी पाहिजे कसली तरी."

सगळ्यांचे हात गुंतलेले. मग पोर्चच्या पायरीवरून सुलेखाआत्या उतरल्या. हातात फरशी पुसायच्या मॉपचा दांडा, नऊवारी नसली तरी साडी तशीच कासोट्यासारखी वर खोचलेली.

"सरक दादा."

"सुलेखा, तुला जमायचं नाही."

"कांडायचं तुला शिकवलं होतं का कधी आईनं?" आत्या म्हणाल्या, आणि दांडा कडेला घालून पोहे कांडावेत तशा कांडू लागल्या. दांडा खाली गेला की बुडबुडा वर येई. "पोरीनं पराती खराब केल्या, आता निदान वाया तरी जाऊ नयेत."

विनीतानं मान वर केली नाही. तिला हसू येत होतं, आणि चेहऱ्यावर सिमेंट वाळत होतं.

उतार बघायला लेव्हल हवी होती, तीही पूजेत. गार्गीनं आपल्या फिशटँकची पारदर्शक नळी काढून आणली, पाण्यानं भरली. एक टोक तिच्याकडं, एक आजोबांकडं. "आजोबा, युअर साइड लोअर, लाह," ती ओरडायची, आणि आजोबा फळीचं टोक उचलायचे. शेवटी ताटांची बूडं आणि कालथे निघाले. पाच-सहा माणसं गुडघ्यांवर बसून, मागं मागं सरकत, ताटाच्या बुडानं कोबा घोटत दाराकडं आली. ट्रकवाला पन्हळ धुऊन, मान हलवत निघून गेला. मिस्टर परेरांनी टाळ्या वाजवल्या. खुर्ची मात्र आत नेली नाही.

फावडी आणायला गेलेला माणूस तेव्हा परत आला, नवीकोरी सहा फावडी घेऊन, आणि दाराशी उभा राहून आत बघत राहिला.

कोबा पडला होता. ओला, करडा, चमकता. त्यावर ताटांच्या कडांच्या गोल गोल रेघा उठल्या होत्या, जणू कुणी शंभर पोळ्या लाटून गेलं होतं. पराती, कालथे, ताटं कायमची गेली. पुरणाचा झारा वाकला होता. विनीताची नखं तुटली, कंबर उभी राहीना, आणि तिला आयुष्यात कधी इतकं उंच वाटलं नव्हतं. प्रबोध तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.

"ताळेबंद जुळला का?" त्यानं विचारलं.

"बघू. ऑडिटर आत आहेत."

दीनानाथ उंबऱ्यावर पोटावर झोपले होते. एक डोळा मिटून, गाल जमिनीला लावून, ते कोब्याच्या पाठीवरून पलीकडं बघत होते. गार्गीनं नळी धरली होती. ज्या माणसानं केसाच्या जाडीएवढ्या चुकीवरून पोरांना कामावरून घरी पाठवलं होतं, तो माणूस बघत होता.

"वाकडा आहे," ते उठून बसत म्हणाले. "आतल्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा उतार."

आह सेंग पुढं सरसावला. मंगळवारी मशीन आणतो, घासून सरळ करतो, त्याचे पैसे नकोत, हे सगळं तो एका दमात सांगू लागला.

"टच करायचं नाही," दीनानाथ म्हणाले.

"बट अंकल, युअर मशीन..."

"माय मशीन, माय प्रॉब्लेम." मग ते सगळ्यांकडं वळून मराठीत बोलू लागले, जणू आह सेंगलाही ते कळत होतं. "लेथ सरळ जमिनीवर कुणीही बसवतो. त्याला कारागीर लागत नाही. वाकड्यावर बसवायचा तर प्रत्येक पायाखाली वेगळ्या जाडीची चकती लागते. पत्रा हातानं कापायचा, हातानं घासायचा. घालून बघायचा, काढायचा, परत घासायचा. घाई करून चालत नाही." त्यांनी सिमेंटचा हात चड्डीला पुसला. "आधी हा नीट वाळू दे. दिवाळी त्यातच जाईल. मग पेटारा फोडायचा, लेथ उतरवायचा. संक्रांत येईल. मग चकत्या. पाडव्याला पहिला काप घेता आला तर घेता आला."

"पाडव्याला," सुलेखाआत्या म्हणाल्या. मॉपचा दांडा अजून त्यांच्या हातात होता. "दादा, सरळ सांग ना, येत नाही म्हणून."

"मी कुठं नाही म्हणतोय? जमीनच सोडत नाहीये."

"घातलीय कुणी वाकडी?"

"तू कांडत होतीस त्याच कोपऱ्यात आहे," दीनानाथ म्हणाले.

आत्यांनी दांडा भिंतीला टेकवून ठेवला. मग हात धुऊन, तशाच खोचलेल्या साडीनं, त्या हॉलमधल्या फोनपाशी गेल्या आणि पुण्याला रवींद्रला फोन लावला. विनीता दारात ताटं धुवायला बसली होती. धुऊन काही निघणार नव्हतं, पण बसून राहायला कारण हवं होतं. तिला आतलं ऐकू येत होतं.

"हो, मी एकटीच येतेय. शेड दुसऱ्याला दे खुशाल... अरे रुसला बिसला नाही, चांगला चिखलात लोळून आलाय. ऐक तर. आमच्या विनीतानं आज काय केलं माहितीय? चार ट्रक काँक्रीट. चार. एका कालथ्यानं. मी होते म्हणून, नाहीतर तू विश्वास ठेवला नसतास."

विनीता ओल्या हातांनी दारात आली.

"आत्या, एकच ट्रक होता."

सुलेखाआत्यांनी फोनवर तळहात ठेवला.

"तू गप्प बस गं," त्या म्हणाल्या. "एवढा समुद्र ओलांडताना थोडं आटतं. तिकडं पोचेपर्यंत एकच उरेल."